धरणापलीकडच्या बहिणीसाठी फळी

मुलांनो, आमच्या धुळ्यातल्या शेजारच्या बाई कोणतीही वस्तू घेताना ती भरून बघतात. बादली घेतली, तर दुकानातच पाणी ओतायला लावतात. त्यांची बहीण धरणापलीकडच्या गावात राहते. गुडघ्यांमुळे तिला कुठे जाता येत नाही आणि रस्त्याने तिच्याकडे जायचं तर दोनदा बस बदलावी लागते. म्हणून साठीनंतर यांनी पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी, घ्यायचं ठरवलं.

धरणाच्या काठावर फळी चालवायला शिकवणाऱ्याने दोन फळ्या पाण्यात ठेवल्या. "मावशी, ही रुंद घ्या. डुलत नाही."

"आनि समोर कव्हय पोचसू? माले बठ्ठं धरन ओलांडनं शे." रुंद फळी हळू जाते आणि त्यांना तर सगळं धरण ओलांडायचं होतं.

त्या लांब, निमुळत्या फळीवर चढल्या आणि पडल्या. पुन्हा चढल्या. मग बहिणीला न्यायची तशी वांग्यांची पिशवी पुढे बांधली, तर फळीचं टोक बुडालं. पिशवी मागे सरकवल्यावर फळी सरळ चालली. तेव्हा त्यांनी तेवढीच आणखी एक पिशवी मागितली.

"दुसरी कशाला? येताना रिकाम्याच येणार ना?"

"बहीन माले रिकामी धाडी का?"

दोन्ही पिशव्यांसकट त्या लांबवर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "हाईच फळी."

रविवारी निघताना मी त्यांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून दिले. मला धाकधूक होती, त्यांना नव्हती. दुपारी मला त्यांच्या बहिणीचाच फोन आला.

"अक्का, पोचनी हाई. आते चार दिन मी तिले सोडाव नही."