भाजलेले जांब अन् नागपूरचा बर्फ

साऱ्या पांढुर्ण्यात आमच्या घरचीएवढं खोटं कोणी बोललं नसेल, आणि त्यातलं शेवटचं ती शनिवारी दुपारी बोलली. आम्ही दोघं ओट्यावर बसून आइस्क्रीमच्या यंत्राच्या दांडीला तेल देत होतो. मी तेल सोडत होतो, ती दांडी फिरवत होती. म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं माहा भौ बर्फ घेऊन येऊन राहिला. जांब भाजायचे, वर आइस्क्रीम टाकायचं. त्यात काय लागते?" मी म्हटलं, "काहीच नाही लागत. बर्फ लागते, नागपूर लागते, रेल्वे लागते आन् अर्धी गल्ली लागते." ती म्हणाली, "तुमाले त सारंच अवघड." दांडीची कुरकुर थांबली तशी ती उठून दूध पाहायला आत गेली. एवढंच. शेवटचं आहे हे माहीत असतं तर मी तेल जरा सावकाश सोडलं असतं.

तिचं नाव मी चाळीस वर्षांत कधी घेतलं नाही, आता काय घेऊ. मी जिनिंगमध्ये कापूस वाहणारा माणूस, तिसरी शिकलेला, मला जसं आठवते तसं सांगतो. "त्यात काय लागते" हे तिचं वाक्य ज्याला ठाऊक नव्हतं तो फसायचा, आणि ज्याला ठाऊक होतं तोही फसायचा, कारण ती ते अशा थंड तोंडानं म्हणायची की आपलंच मन आपल्याला आळशी म्हणायचं. घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचे होते तेव्हा "त्यात काय लागते" म्हणून ती स्वतःच शिडी लावून वर चढली, आणि तिला खाली उतरवायला जिनिंगमधून चार माणसं आणावी लागली. जामसावळीच्या मारुतीला जायचं ठरलं तेव्हा म्हणाली, "बंडी जुपायची आन् जायचं." आम्ही तिसऱ्या दिवशी पोहचलो. मधेच तिला बोरगावातली कोणी लांबची मावसबहीण आठवली. बंडी तिकडे वळवली, त बहीण केव्हाच गाव सोडून गेलेली आणि त्या घरी दुसऱ्याच कोणाचं लग्न लागून राहिलेलं. तिनं पदर खोचला आणि दोन पंगती वाढून दिल्या. मला नवरीकडचे नवऱ्याकडचा समजून राहिले होते आणि नवऱ्याकडचे नवरीकडचा. जेवायला मात्र कोणीच म्हणत नव्हतं.

आता जांबाचं. पुण्याकडचे लोक ज्याला पेरू म्हणतात तो आमच्याकडे जांब. शेजारी एक मास्तर राहायला आले होते, तिकडचेच. त्यांनी पहिल्या दिवशी झाडाकडे बोट करून "वा, पेरू" म्हटलं. ती म्हणाली, "पेरू असंन तुमच्या गावाले. इथं त्याले जांब म्हटलं तरच तो गोड लागते." मास्तरांनी दुसऱ्या दिवसापासून जांब म्हणायला सुरुवात केली. तर देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी आमच्या जिनिंगच्या आवारात झेंडा लागला आणि शेठनं सगळ्या कामगारांना पळसाच्या द्रोणात आइस्क्रीम वाटलं. ती चीज आम्ही आधी पाहिली नव्हती. मी माझा द्रोण तिच्यासाठी घेऊन घराकडे पळत निघालो. पोहचेपर्यंत त्याचं निम्मं पाणी झालं आणि त्यातलं निम्मं माझ्या कोपरावरून खाली उतरलं. मला तेव्हा खोकला होता म्हणून तिनं चुलीतल्या राखेत जांब पुरून ठेवला होता. तो तिनं काढला, काळं पडलेलं साल सोललं, मधून चिरला, चिमूटभर मीठ आणि गूळ लावला, आणि द्रोणात जे काय उरलं होतं ते त्याच्यावर ओतलं. आम्ही दोघांनी एकाच वाटीत खाल्लं. खालून जीभ भाजे, वरून दात ठणकत. शेजारची काकी दारातून ओरडली की गरम आणि थंड एका घासात खाल्लं त दात पडतात. माझा एक दात त्याच वर्षी पडला हे खरं आहे, पण तो तसाही हलूनच राहिला होता. स्वातंत्र्य म्हणजे काय मिळालं असं कोणी विचारलं की मोठी माणसं मोठं बोलतात. मला ती वाटी आठवते.

त्यानंतर तिनं ध्यास घेतला. स्टेशनात एक गोरा गार्ड होता, तो देश सोडून निघाला. त्याच्या बायकोला हिची भाषा येत नव्हती आणि हिला तिची. तरी दोघी पायरीवर तासभर बोलत बसल्या, आणि ही टोपलीभर संत्री देऊन लाकडी बादलीचं आइस्क्रीमचं यंत्र घेऊन आली. तेव्हापासून चौदा हिवाळे, जांब पिकले की दर रविवारी आमच्या घरी हा कारभार. तिचा धाकटा भाऊ नागपूरचा. तो पहाटे कारखान्यातून बर्फाची लादी घ्यायचा, भुशात गुंडाळून पोत्यात भरायचा आणि पॅसेंजरनं आणायचा. मग मी मोगरीनं बर्फ फोडायचा. काकीनं जाडं मीठ कुटायचं. मास्तरांनी दांडी फिरवायची, कारण "मास्तर, तुमचा हात शाळेत नुसती छडी फिरवून राहिला, त्याले कामाची सवय पाहिजे." पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, निखाऱ्याला एक जण वारा घालायला, एक जण जांब परतायला, एक जण लहान पोट्टे आवरायला. दारावरून कोणी नुसता "काय चाललंय" म्हणून डोकावला की त्याच्या हातात सूप. एकदा शेजारी मुलगी पाहायला आलेला नवरदेव चुकून आमच्या दारात शिरला. तिनं त्याला टोपी काढायला लावली आणि दांडीवर बसवलं. त्यानं बिचाऱ्यानं अर्धा तास इमानदारीनं दांडी फिरवली. मुलीच्या बापानं भिंतीवरून ते पाहिलं आणि जागच्या जागी होकार देऊन टाकला.

आम्हाला लेकरू नव्हतं. रविवारी मात्र आमच्या आंगणात पाय ठेवायला जागा नसायची.

आमचं भांडण होतं ते एवढ्यावरूनच. शेवटची वाटी वाटून झाली की ती घाम पुसत माझ्याजवळ येऊन बसायची. "पाहा, झालं का नाही? आता एकदा म्हणा न, सोपं हाय म्हून." मी म्हणायचो, "पंधरा माणसं राबली, हे सोपं?" ती म्हणायची, "तुमी म्हणून त पाहा." मी म्हटलं नाही. चौदा हिवाळे म्हटलं नाही. माझं एकच, खोटं काहून बोलायचं? तिला त्या दोन शब्दांचं काय पडलं होतं देव जाणे, पण दर रविवारी ती मागायची आणि दर रविवारी मी नाही द्यायचो.

मधेच राज्यं बदलली. नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि आमची राजधानी भोपाळ झाली, जी आमच्या गल्लीत कोणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. सभा झाल्या, लोक तावातावानं बोलले. हिला घोर एकच. "बर्फाचं काय?" तिच्या हिशेबानं आता मधे सरहद्द आली, तिथं शिपाई बसणार, ते पोत्याची झडती घेणार आणि तोवर बर्फाचं पाणी होणार. भावाला असल्या गोष्टी जमायच्या नाहीत म्हणून पहिल्या खेपेला ती स्वतः नागपूरला गेली. शिपायाला काय सांगायचं ते तिनं मला दोनदा म्हणून दाखवलं. येताना लादी भाच्याच्या जुन्या दुपट्यात गुंडाळली आणि लेकरासारखी मांडीवर घेऊन गाडीत बसली. काटोलच्या पुढे बाजूच्या बाईनं मायेनं दुपट्यावर हात ठेवला आणि हात झटकन मागे घेतला. "बाई वं, तुमचं लेकरू त थंडगार पडलं." ही म्हणाली, "मंग? थंडच पाहिजे. गरम झालं त मी घरी काय नेऊ?" त्या बाईनं गळा काढला. डब्यातल्या सगळ्या बायका रडायला लागल्या. शेवटी हिला दुपटं उघडून दाखवावं लागलं, आणि एवढ्या लोकांना रडवलं म्हणून एकेक तुकडा फोडून द्यावा लागला. सरहद्द कधी गेली कोणाला कळलं नाही, अख्खा डबा बर्फ चघळून राहिला होता. पांढुर्ण्याला ती उतरली ती नाराजच. मला म्हणाली, "एवढं मोठं राज्य बदललं आन् एका माणसानं इचारलं नाही. मी सारं पाठ केलं होतं."

त्या शनिवारी तिनं दूध आटवलं, साखर टाकली, भांडं पाण्यात निवायला ठेवलं. दिवा लावायच्या वेळेला "जरा टेकते" म्हणून भिंतीला टेकली, आणि गेली. वैद्याला बोलवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. चाळीस वर्षांत हे एकच काम तिनं कोणाची धावपळ न करता केलं.

मास्तरांनी नागपूरला तार केली होती, पण ती पोहचायच्या आधी भाऊ पहाटेच बर्फाच्या कारखान्यात गेलेला. सकाळी मी स्टेशनवर निघालो तेव्हा गल्लीतले म्हणाले, तुम्ही बसा, आम्ही जातो. मी म्हटलं, बर्फ मीच आणतो, आणि तिच्या भावाला दुसऱ्यानं काहून सांगायचं? गाडी आली. तो पोतं खांद्यावर घेऊन हसतच उतरला. बहिणीला तो बाई म्हणायचा. "जवाईबापू, आज अख्खी लादी पोहचली. बाईले सांगा, आजही कोणी इचारलं नाही."

मी म्हटलं, "बाई गेली."

"कुठं गेली?"

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याला समजलं. पोतं खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही, घरापर्यंत ते त्याच्या खांद्यावरून गळत राहिलं.

आंगणात तिच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापायला ठेवलं होतं. मी पोतं सोडलं. मोगरीनं बर्फ फोडला, मीठ टाकलं, तिनं आटवलेलं दूध डब्यात ओतलं आणि दांडी धरून बसलो. पाण्याखालच्या पऱ्हाटीच्या निखाऱ्यात चार जांब सारले. कोणी म्हातारी म्हणाली, "हा काय करून राहिला?" काकीनं तिला दंडाला धरून मागे नेलं. मास्तर दोनदा पुढे आले आणि दोनदा मागे गेले. दांडीला आदल्या दिवशी तेल दिलेलं, तिनं आवाजही केला नाही. पाणी कढलं तोवर आइस्क्रीम झालं होतं आणि जांबही झाले होते. पंधरा माणसं भिंतीला लागून उभी, कोणाच्याच हाताला काम नव्हतं. इतक्या माणसांची गरज कधी नव्हतीच.

मी जांब सोलला, चिरला, मीठ आणि गूळ लावला, वर आइस्क्रीम टाकलं. आत जाऊन वाटी तिच्या उशाशी ठेवली आणि म्हटलं, "अवं, सोपं हाय. काही नाही लागत."