पानमळ्यात मी गेलोच नाही

आपण काही विचारायला तोंड उघडलं की जमादारांची मान हलू लागायची. प्रश्न काय आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. आधी मान आडवी हलायची, मग "मी? नाही बापा!" निघायचं, आणि त्यानंतर आपला प्रश्न पुरा व्हायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. पण आमच्या जमादारांची सर त्याला यायची नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. अकोल्याच्या एका कचेरीत मी धाकटा कारकून होतो आणि ते साहेबांच्या दारावरचे मुख्य चपराशी, म्हणून जमादार. घरंही आमची जुन्या शहरात एकाच बोळात. सकाळी मोर्णा ओलांडून आम्ही जोडीनं कामाला जायचो. एकदा दगडावरून पाय घसरून ते कमरेपर्यंत पाण्यात गेले. मीच हात देऊन वर काढलं. कचेरीत जो तो विचारू लागला, "जमादार, नदीत पडले का?" पट्ट्याच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. जमादार म्हणाले, "मी? नाही बापा. घाम हाय." आणि माझ्याकडे असं बघितलं की मीही मान डोलावली.

कचेरीत या गुणाची मोठी कदर होती. साहेब आत आरामखुर्चीत पडलेले असत आणि बाहेर खेड्यापाड्यातून आलेली माणसं ताटकळत बसलेली. जमादार सांगायचे, "साहेब नाहीत." एकदा आतून खोकल्याची मोठी उबळ ऐकू आली. बाळापूरकडचा एक म्हातारा म्हणाला, "अन् हे कोन खोकलून राह्यलं?" जमादारांनी क्षणभरही विचार केला नाही. "खोकला साहेबाचा हाय. साहेब नाहीत." म्हाताऱ्याला हे पटलं, हे विशेष. सरकार अशा माणसाला बढती देणार नाही तर कुणाला देणार?

पण या माणसाचं एक 'नाही' असं होतं की त्यापायी त्याच्या घरात सुखानं एक लग्न लागलं नाही.

जमादार मूळचे अकोटाकडचे, पानमळेवाल्यांच्या घरातले. आईबाप लहानपणीच गेले, वाढवलं चुलतीनं. तिला ते मोठी माय म्हणत. विधवा बाई, एकटीनं पानमळा सांभाळायची. पानमळ्याचा रिवाज तुम्हाला ठाऊक असेल. वेलीला ते लोक देवी मानतात. पायातलं कुंपणाबाहेर काढायचं, कातड्याची वस्तू आत न्यायची नाही. मग तो मालक असो की तहसीलदार.

नोकरी लागली तेव्हा जमादारांना पट्टा, फेटा आणि टाचेला नाल ठोकलेले सरकारी बूट मिळाले. ते घालून ते थेट गावी गेले. मोठी माय बाजाराला निघाली होती. जाताना बजावून गेली, "वानरं येतीन. बाहेर बसून राखण करजो. अंदर गेलाच तं जोडे काढून जाजो." संध्याकाळी परतली तो मळ्याच्या ओल्या मातीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नालेचे ठसे. गावभर बूट एकाच्याच पायात होते.

"जोडे घालून गेल्ता काय रे?"

"मी? नाही."

"मंग हे कोनाचं?"

"सर्कलसाहेब आले असतीन."

"माह्या मयात सर्कलसाहेब कायले येईन?"

"साहेबाचं काय सांगता येते?"

त्या साली मर रोग आला आणि अर्ध्या वेली वाळल्या. गावानं खापर बुटांवर फोडलं. मोठी माय मात्र वेलींवरून रागावली नाही. ती म्हणाली, "वेलींचं जाऊ दे. तू गेल्ता का नाही, एवढं सांग." जमादार म्हणाले, नाही. "मंग खरं सांगशीन तवाच माह्या मयाचं पान तुह्या घरी येईन," असं म्हणून तिनं विषय बंद केला.

ऐकायला हे साधं वाटतं. पण त्या लोकांत लग्नाचं पहिलं पान घरच्या मळ्यातून यावं लागतं. बाजारचं पान मांडवात आणलं तर घरच्यांनी टाकलेला माणूस, असाच त्याचा अर्थ होतो.

थोरल्या मुलीच्या लग्नाला मी बोळातल्या शेजाऱ्यांबरोबर मांडवात उभा होतो. दारात बैलांची दमणी थांबली. ओल्या फडक्यात बांधलेली पानांची टोपली काखेला लावून मोठी माय उतरली. काळी, काटकुळी बाई, कपाळावर कुंकू नाही, नजर मात्र अशी की आमचे साहेबसुद्धा खुर्चीतून उठले असते. मांडवाच्या तोंडाशी उभी राहून तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "गेल्ता काय रे?" जमादारांची मान आधीच हलत होती. "नाही." बाई टोपलीसकट दमणीत चढली आणि दमणी परत फिरली. लग्न बाजारच्या पानावर उरकावं लागलं. मुलाच्या लग्नातही हेच. फरक एवढाच की तेव्हा जमादारांनी खुलासाही जोडला: त्या दिवशी आपल्या पायाला गळू झालं होतं, बूट घालताच येत नव्हते. इतक्या वर्षांत हे गळू प्रथमच निघालं.

मला त्यांचा राग येई, आणि खरं सांगायचं तर कीवही येई. टोपली परत गेल्यावर ते मांडवाच्या खांबाला धरून दमणी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे. मी विचारलं, "वाईट वाटतं ना जमादार?" "मले? नाही बापा."

मग धाकटीचं लग्न ठरलं. पोरगी गुणाची, बापाची लाडकी. मुलाकडचे अकोटाचेच, स्वतः पानमळेवाले. त्यांच्या कानावर दोन्ही वेळची हकिगत गेली होती. मुलाच्या बापानं साफ सांगितलं, "मोठ्या मायचं पान मांडवात आलं तं लगन. नाही तं आमी वरात घेऊन वापस."

जमादारांच्या बायकोनं डोकं धरलं. "एक शब्द म्हना! जीभ झडनार हाय काय तुमची?" मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्या बदल्यात मी सांगू काय, का मीच गेल्ती म्हणून?" ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

कचेरीनंही हातभार लावला. आमचे हेडक्लार्क पुण्याकडचे, शब्दांत मोठे वाकबगार. त्यांनी जमादारांना समोर बसवून तोडगा काढला. "असं म्हणा, 'मळ्यात गेलो नव्हतो असं खात्रीनं सांगता येत नाही.'"

जमादारांनी विचार केला. "म्हंजे मी गेलो का नाही गेलो?"

"दोन्ही."

"मंग नाही गेलो," जमादार म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मांडवात कुणाच्या जिवात जीव नव्हता. वऱ्हाडी मंडळी एका बाजूला फेटे सावरत बसली होती, उठायच्या तयारीत. दमणी आली. मोठी माय आता फार थकली होती. दोघींनी धरून तिला उतरवलं. जमादार समोर जाऊन उभे राहिले. मान हलायला लागली होती.

बाई त्यांच्या शेजारून पुढे गेली, मांडवात बसली आणि टोपलीचं फडकं सोडू लागली.

"मोठी माय," जमादार म्हणाले, "इचार ना."

"काय इचारू?"

"नेहमी इचारते ते."

"आता नाही इचारत, बापा. थकली मी. पोरीचं लगन हाय, पानं घे."

हिरवीगार पानं ताटात मांडली गेली. मुलाच्या बापानं एक उचलून उजेडात धरलं, मान डोलावली, आणि लग्न लागलं. सगळे खूश. जमादार जिंकले होते म्हणायला हरकत नाही. इतकी वर्षं 'नाही' म्हटलं, आणि शेवटी त्यांचंच खरं झालं. पण जिंकलेला माणूस मी असा कधी पाहिला नाही. उजवा हात कुठे ठेवावा हेही त्यांना कळत नव्हतं.

पंगत बसली. पहिली मुलाकडच्यांची. मुलीचा बाप सगळ्यांत शेवटी जेवणार, तोवर वाढणार. जमादार तुपाचं भांडं घेऊन निघाले. मुलाच्या बापाच्या पानापर्यंत आले, आणि तिथून वळून थेट मोठ्या मायच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. आता कुणालाच त्यांच्याकडून काही नको होतं. कुणी काही विचारलंही नव्हतं.

"गेल्तो वं माय," ते म्हणाले. "जोडे घालून गेल्तो. बूट तंग होते. काढले का वापस पायात जात नोते. लोक हासले असते मले."

सगळी पंगत हात आवरून बघू लागली. आमचे हेडक्लार्क तोंड उघडं टाकून उभे.

मोठ्या मायनं हातानं खूण करून त्यांना खाली बसायला सांगितलं. पट्टा-फेट्यातले, मिशा पिकलेले जमादार मांडी घालून बसले. बाईनं त्यांच्या गालावर एक चापट मारली. मग दुसऱ्या गालावर. हातात जोर उरला नव्हता. माशी हाकलल्यासारखाच तो आवाज.

"त्याच दिवशी सांगतलं असतं तं एवढंच झालं असतं, पोट्ट्या. दोन चापटा देल्या असत्या अन् जेवाले वाढलं असतं." मग ती वाढप्यांकडे वळली. "पान मांडा याचं. याचं तवाचं जेवन राह्यलं हाय."

मुलाचा बाप म्हणाला, "अवं माय, पयली पंगत आमची. पोरीच्या बापानं आधी जेवाचं नसते."

"थांबा मंग," मोठी माय म्हणाली.

जमादारही गेले आता, मोठी मायही गेली. पण ती दुपार मला कालच्यासारखी दिसते. वऱ्हाडी मंडळी कोरड्या भातासमोर तुपाची वाट बघत बसलेली, आणि त्यांच्यासमोर मुलीचा बाप मान खाली घालून जेवतोय. डोळ्यांतलं पाणी नाकावरून वरणात पडत होतं, आणि मोठी माय पाठीवर हात ठेवून म्हणत होती, "हळू जेव. कोनी घाई नाही करून राह्यलं."