‘पादून राहिलो’चे मनोहरकाका

मनोहरकाका माईकला उदबत्ती ओवाळल्याशिवाय रेकॉर्डिंगचं बटण दाबत नसत. समोर भजनी मंडळ असो, नाहीतर साड्यांच्या सेलची जाहिरात. आमच्या ‘पादून राहिलो’ या अल्बमच्या पहिल्या दिवशीही त्यांनी तशीच ओवाळली, हात जोडले आणि म्हणाले, "हं, द्या आता शिव्या."

आम्ही चौघं हार्ड रॉकवाले. निखिल ओरडायचा, मी बास गिटार वाजवायचो. आठ गाण्यांतलं एकही आईसमोर लावण्यासारखं नव्हतं. साहेब, सासरा, ट्रॅफिक, उन्हाळा, सगळ्यांचा यथेच्छ उद्धार केला होता. दोन स्टुडिओंनी शब्द वाचूनच आम्हाला वाटेला लावलं. मग गांधीबागेत, कापडाच्या गोदामावरची काकांची खोली सापडली. आवाज अडवायला भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली. काकांनी चष्मा लावून सगळे कागद वाचले, दोनदा हसले आणि एका शिवीचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला.

काका विणकरांच्या घरातले, तरुणपणी मागावर बसलेले. "एक धागा तुटला तं आवाजात समजे गा," असं सांगायचे. निखिल त्यांच्याकडे बघून शिव्या गिळतोय, हे त्या कानानं लगेच पकडलं.

"काहून थांबला बे?"

"काका, तुमच्यासमोर कसं..."

"मी भिंत आहो. द्यायची असन तं पुरी दे, नाही तं भजन म्हण."

निखिलनं पुरी दिली. नेमके तेव्हाच भजनी मंडळाचे अध्यक्ष दारात उभे होते.

"मनोहरराव, याच माईकवर आमचे अभंग होतात?"

"याच माईकवर. पोट्टे मन लावून म्हणून राहिले. बसा, चहा सांगतो."

ते बसले नाहीत. मंडळ पुन्हा कधी आलं नाही. आम्ही ओशाळून म्हणालो, काका, कव्हरवरून तुमचं नाव काढू का? काकांनी विचारलं, "काम वाईट झालं का?" नाही म्हणालो. "मंग राहू द्या."

अल्बम आला आणि सासऱ्याचं गाणं मोबाइलवरून मोहल्लाभर फिरलं. निखिलचं लग्न ठरलेलं. खऱ्या सासऱ्यांचा फोन आला: जाहीर माफी मागा, नाहीतर पुढचं विसरा. निखिल रडवेला होऊन काकांच्याच माईकवर माफीनामा बोलला. काकांनी हेडफोन लावून तो ऐकला आणि मान हलवली.

"खोटा येऊन राहिला."

"कोणता शब्द काका?"

"सगळाच. तुले खरंच वाईट वाटून राहिलं का?"

निखिल माईकपासून मागे सरकला. मग म्हणाला, "त्यांच्या पोरीची काळजी वाटते. गाण्याचं वाईट नाही वाटत."

"मंग हे पुसतो. जाय, त्यायच्या घरी जाऊन हेच सांग."

निखिल इतवारीत त्यांच्या घरी गेला, दोन तास बोलणी खाल्ली, पण माफी मागितली नाही. होणारी बायको मध्ये पडली, म्हणाली, "बाबा, घरात तुम्ही याहून वाईट बोलता." लग्न झालं. सासरेबुवा आता ते एक गाणं सोडून बाकीची सात ऐकतात.

पुढे काकांना ऐकू येईनासं झालं. त्यांनी खोली सोडली आणि ते कुही गावी मुलीकडे राहायला गेले. गेल्या वर्षी दुसरा अल्बम तयार झाला तेव्हा आम्ही चौघं तिकडे गेलो. अंगणापलीकडे धान उभं होतं. काका खाटेवर बसले होते. आम्हाला बघून एवढे हसले की मुलगी बाहेर धावत आली. स्पीकर आणला खरा, पण आता लावायचा की नाही, या विचारात आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. काकांनीच तो ओढून मांडीवर घेतला, लावायची खूण केली, वर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. एकही शब्द ऐकू न येता त्यांनी अख्खं गाणं ऐकलं. संपल्यावर माझ्याकडे बोट केलं.

"बास जास्त होऊन राहिला, पोट्ट्या. गाण्याले श्वास घेऊ दे."

मी घरी येऊन बास उतरवला आणि गाणं मोकळं झालं. ते त्यांना परत ऐकवायला जायचं होतं. त्याआधीच काका गेले.