मोड आलेला नाचणा

धरणाचं पाणी चढलं की आमची वाडी बेट व्हायची. चंदगडच्या एस.टी.तून उतरायचं आणि पुढं होडी. वारा सुटला की होडी बंद आणि रेशनचं धान्य पलीकडच्या काठावर. एका पावसाळ्यात पाच घरांनी सलग आठ दिवस पेजेवर काढले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, मी बाळंतपणाला माहेरी असताना, माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, सगळ्यांना बोलावून सांगितलं, "काजू लावायच्या नादात खायाचं पिकवायचं इसरलो आपण. औंदा सगळ्यांनी नाचणा करायचा. बी मी देतो." जुनं बी फक्त आमच्याच घरात उरलं होतं.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. बाळंतपण उरकून मे महिन्यात सासरी परतले, ती पाच महिन्यांची किरकिरी लेक घेऊन. तिच्यासाठी नाचणीचं सत्त्व करायचं डोक्यात होतं. चुलीवर आढ्याला काजळीनं माखलेलं गाठोडं दिसलं. विसरलेलं धान्य असेल म्हणून काढलं, धुतलं आणि पावसाळाभर पुरावं म्हणून अख्खं भिजवून फडक्यात बांधलं. कीड लागू नये म्हणून बियाणं धुरात टांगतात, हे मला ठाऊक नव्हतं. विचारायला काय झालं होतं? पण पेठेतल्या शहाण्यांना विचारायची सवय नसते.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी फडकं सोडलं. पांढरे मोड बघून त्यांनी मूठभर दाणे उचलून माझ्यासमोर धरले. "अगं, बी हुतं की ह्ये!"

मामंजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "आता ठेवाय येत न्हाय. आजच पेराय पायजे."

पाऊस लांब होता. रोपांसाठी भाजून ठेवलेल्या तुकड्यात, तरव्यात, आम्ही ते मोड विसकटले. पाणी उन्हाळ्यात खाली गेलेलं, चढ उभा. मी कळशा वाहायचे, ओली माती बोटानं चाचपायचे, मुंग्या हुसकायचे. लेकीला पाजतानाही नजर तरव्यावर. उगवलंच नाही तर पाच घरं काय खाणार, हा एकच विचार.

उगवलं, पण विरळ. लावणीच्या दिवशी रोपांच्या मुठी बांधल्या. चार घरांच्या वाट्याला कशाबशा पुरल्या.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "आणि आपलं वावर?"

"शबूद मी दिलता. आपलं ऱ्हाऊ दे."

त्या वर्षी आमच्या वावरात गवत वाढलं. पुढच्या पावसाळ्यात होडी बंद पडली, तेव्हा चारी घरांतून भाकरीचा वास यायचा. शेजारणी नाचण्याचं पीठ घेऊन आमच्या दारात आल्या. सासूबाईंनी लेकीसाठी आंबील केली आणि माझ्यासमोर गरम भाकरी ठेवली. "खा गं, अंगावर पाजतीस," म्हणाल्या. त्यांनी स्वतः पेज घेतली. मी भाकरीचा तुकडा मोडला, पण मान वर करून त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.