मासे वर येण्याची वेळ

बाई कुठल्याही बैठकीला सगळ्यांच्या आधी पोहोचायच्या आणि सगळे गेल्यावर उठायच्या. कुणाच्या बरोबरीनं चालायच्या नाहीत. फोटोत कपाटाला टेकून उभ्या असायच्या. जिन्यात मागून कुणी आलं की थांबून पर्स चाचपायच्या. तो पुढे गेला की चढायच्या. प्रयोगशाळेतल्या माशांना खाणं मात्र स्वतःच घालायच्या. रजेवर असल्याशिवाय ते काम त्यांनी कुणाला दिलं नाही.

त्यांचा डावा पाय जन्मापासून आखूड. एक पाऊल धप्पकन पडायचं, दुसरं घासत यायचं. ते सगळ्यांना दिसायचं आणि कुणी बोलायचं नाही. एका नव्या विद्यार्थ्यानं एकदा विचारलं होतं, "मॅडम, लिफ्टनं जाऊ या का?"

"तुला दम लागत असेल तर तू जा," बाई म्हणाल्या. वर्षभर त्या पोराशी कामापुरतंच बोलल्या. तेव्हापासून पाय हा विषय विभागातून हद्दपार झाला.

बाईंचं नाव झालं ते माशांच्या मेंदूवरच्या कामामुळे. माशाच्या मेंदूत केसाहून बारीक तार ठेवून त्या तिथल्या पेशींची हालचाल टिपायच्या. खाणं पडायच्या जरा आधीच काही पेशी जाग्या व्हायच्या आणि मासे वर यायचे. खोलीत अंधार केला, खाण्याचा वास अडवला, तरी यायचे. माशाच्या मेंदूत जेवणाचं घड्याळ असतं, असं बाईंनी मांडलं. ते पुस्तकांत गेलं. त्यांचा एक विद्यार्थी त्याच घड्याळावर प्रबंध लिहून त्याच विभागात शिकवायला लागला. तो कायम बाईंच्या मागे, म्हणून त्याला सगळे शेपूट म्हणायचे.

मग बाई पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. आयुष्यभर नाकारलेला जाड तळाचा बूट डॉक्टरांनी या वेळी घालायलाच लावला. दोन्ही पावलं पहिल्यांदाच सारखी पडू लागली.

कामावर परतल्या त्या दिवशी मासे वर आले नाहीत. पेशीही गप्प. बाईंनी तारा तपासल्या, पाणी तपासलं. कशातच खोट नव्हती.

संध्याकाळी घरी पोहोचल्या. दार उघडणारी धाकटी बहीण दचकलीच.

"अगं ताई, भूत आहेस का तू? चहा टाकलाच नाही मी."

"रोज तर तयार असतो."

"रोज तू खालच्या मजल्यावर असतेस तेव्हाच कळतं ना! धप्प, सर्र. धप्प, सर्र. ते ऐकलं की आधण ठेवते मी. या बुटानं माझी पंचाईत करून ठेवलीये."

बाई उंबऱ्यातच थांबल्या. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेषा असते, आणि तिच्यामुळे त्याला पाण्यातला बारीकसा हादराही कळतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे त्या स्वतः शिकवायच्या. टाक्यांच्या खोलीबाहेर लाकडी जमिनीचा लांब बोळ होता आणि खाणं घालायला त्या रोज त्याच बोळातून यायच्या. उजेड अडवला, वास अडवला. स्वतःचं चालणं अडवायचं सुचलंच नाही. त्या चालण्याचा विचार करायचा नाही, हे त्यांनी लहानपणीच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेपटाला बोलावलं.

"मी रजेवर असायचे तेव्हा मासे वर यायचे?"

"नाही, मॅडम."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तारेत दोष असेल."

"आणि तुला काय वाटलं होतं?"

"मॅडम, तुमच्या पायाचा विषय तुमच्यासमोर कोण काढणार?"

बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"हे जाहीर करावं लागेल," त्या म्हणाल्या.

"माझा प्रबंध..."

"माहीत आहे मला. म्हणून आधी तपासायचं. या खुब्यामुळे मला आता बूट काढून तसं चालता येत नाही. तू चाल."

"मी?"

"हो. माझ्यासारखा."

तो बोळाच्या टोकाला गेला. बाई दार उघडं ठेवून टाकीपाशी उभ्या राहिल्या. धप्प, सर्र. धप्प, सर्र. खांदा कधी झुकतो, वळताना भिंतीला बोट कसं टेकतं, सगळं त्याच्या चालण्यात आलं. एकदाही अडखळला नाही. भर दुपारी, खाण्याची वेळ नसताना, मासे तोंडं उघडत वर आले.

"पहिल्याच खेपेला इतकं हुबेहूब?"

शेपूट दारात लालबुंद होऊन उभा होता. "कँटीनमध्ये... आम्ही करायचो, मॅडम."

"आम्ही म्हणजे?"

"सगळेच. जवळजवळ."

कुणी बोलत नाही म्हणजे कुणी बघत नाही, असं बाई इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. त्यांनी डबा उघडला आणि माशांना खाणं घातलं. आलेच होते बिचारे. निम्मं खाणं टाकीबाहेर सांडलं.

"एकट्या तुझ्या चालण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "सोमवारी सगळ्यांना बोलाव. ज्याला ज्याला जमतं त्याला."

जाताना त्यांनी बोळाच्या टोकाला खडूनं एक रेघ मारली. सगळ्यांनी तिथूनच चालायला सुरुवात करायची होती.

रविवारी दुपारी बाई झोपल्या त्या उठल्याच नाहीत.

सोमवारी सगळे आले. कुणी त्यांना येऊ नका म्हटलं नव्हतं. ते खडूच्या रेघेमागे उभे राहिले. शेपटानं टाकीवरचा दिवा लावला. मासे तळाशी होते. कुणीच पाऊल उचललं नाही.