दंडाचा दोरा

ज्यांच्या हाताखाली मी डॉक्टरकी शिकले, ते वाईचे डॉक्टर एके काळी क्षयाच्या रोग्यांवर पत्रातून उपचार करायचे, हे मला ते गेल्यावर कळलं. दवाखान्याची खोली रिकामी करताना त्यांच्या सुनेनं फोन केला, "पत्रांचं एक पोतं निघालंय. रद्दीत घालायला हात धजत नाही. तुम्ही नेता का?" मी सांगलीहून गाडी काढली आणि पोतं घेऊन आले. पुढचे दोन महिने आमच्या जेवायच्या टेबलावर पत्रांचा पसारा होता आणि नवरा ओट्यापाशी उभ्यानं जेवत होता.

पत्रं माझ्या जन्माच्याही आधीची. माणमधून, आटपाडीकडून, कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवरून आलेली. मिरजेच्या इस्पितळात खाट मिळायची वाट बघत रोगी घरीच झिजायचा. या आजाराबद्दल पोस्टकार्ड कुणी लिहीत नसे, कारण कार्ड गावभर वाचलं जायचं आणि घरात लग्नाच्या मुली असायच्या. म्हणून सगळी बंद पाकिटं. डॉक्टरांनी आपल्या उत्तरांच्या कार्बन प्रती जपून ठेवल्या होत्या. त्यांत ते विचारत, सकाळी अंग किती तापतं, संध्याकाळी किती, विहिरीवरून पाणी आणताना कितीदा थांबावं लागतं, गेल्या वर्षीची चोळी सैल होते का. वजनकाटा गावात नसायचा, तर ते लिहीत, रोग्याच्या उजव्या दंडाभोवती दोरा गुंडाळून तेवढाच तोडावा आणि पत्रात घालून पाठवावा. काही पाकिटांत ते दोरे अजून होते. एका बाईचे चार दोरे एकाच टाचणीला लावलेले होते आणि प्रत्येक दोरा आधीच्यापेक्षा थोडा लांब होता. मला फार बरं वाटलं. असेही काही होते, जे आखूड होत गेले. ते मी पटकन पाकिटात सारले.

प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक ओळ ठरलेली. "औषध सोसत नसेल तर तसे लिहावे. मी रागावणार नाही." हे वाचून मला हसू आलं. सुई नीट उकळली नाही म्हणून याच माणसानं मला दवाखान्याच्या दारात रडवलं होतं.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी सांगलीत एका धर्मादाय दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस बसते. पोतं घरी आलं त्याच हिवाळ्यात जतकडची एक मेंढपाळ बाई आली. वय तिशीच्या आतबाहेर. कुपवाडला वर्कशॉपमध्ये काम करणारा तिचा भाऊ तिला मोटारसायकलवरून घेऊन आला होता, मागून एसटीनं नवरा. थुंकीत क्षय निघाला. मी सांगितलं, सहा महिने भावाकडे राहायचं, गोळ्या खायच्या, विश्रांती घ्यायची.

"मॅडम, मेंढरं घिऊन आमी आता पलूसकडं निघालोय," नवरा म्हणाला. "हिच्याबिगर बिऱ्हाड कसं हलंल?"

"आन् म्या ऱ्हाणार बी न्हाई," ती म्हणाली.

मी चिडले. चिडणं मला चटकन जमतं. दोघांना तोंडाला येईल ते बोलले आणि मग एकदम ते पोतं आठवलं. तेव्हा लोक पत्रातून बरे होत होते, तर आता हातात फोन असताना काय अडचण? मी पटावरचा जुना डाव नव्यानं मांडल्याच्या ऐटीत नियम सांगितले. पहिला महिना कुपवाडला. मग मेंढरांबरोबर जायचं, पण झोपायचं उघड्यावर, वेगळं. ज्या गावाच्या शिवारात मुक्काम असेल तिथल्या रेशन दुकानातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करायचं आणि मला कळवायचं. वजन उतरलं, की मुकाट्यानं कुपवाडला परत. जाताना हौसेनं तिच्या दंडाचा दोराही घेतला आणि केसपेपरला टाचून ठेवला.

महिना बरा गेला. मग नवऱ्याचे आवाजी निरोप येऊ लागले. मागं मेंढ्यांचा आवाज, कुत्र्यांचा आवाज आणि मधे हा. "मॅडम, आज बेचाळीस भरलं." पुढच्या आठवड्यात त्रेचाळीसला थोडं कमी. मग चव्वेचाळीस. मी गाडीत बसल्या बसल्या उलट निरोप पाठवायची, "शाब्बास! फार छान! असंच चालू दे." ओळखीच्या डॉक्टरांना ते निरोप ऐकवायची, वाईच्या पत्रांची गोष्ट सांगायची. मला माझंच कौतुक वाटत होतं.

एका रविवारी भाऊ बहिणीला भेटायला निघाला होता. त्याच्याकडे मी सहज म्हणून निरोप दिला, येताना तिच्या दंडाचा दोरा आण. सोमवारी त्यानं दोरा आणला. केसपेपरवरच्या दोऱ्याशेजारी धरला, तर नवा दोरा बोटभर आखूड.

आधी वाटलं, यानं ओढून बांधला असेल. पुन्हा मोजला. मग दवाखान्यात रांग असताना मी उठले, भावाला गाडीत घातलं आणि कुंडलच्या पुढं एका उसाच्या खोडव्याशेजारी, जिथं त्यांच्या मेंढ्या बसवल्या होत्या, तिथं गेले. ती दुरूनच दिसली. लुगडं काठीला गुंडाळून ठेवल्यासारखं होतं. नवरा धावत आला. मी म्हटलं, "चला, वजन करू."

रेशन दुकानाशी पोचलो. काट्यावर चढायच्या आधी तिनं बरोबर चालत आलेलं एक कोकरू उचलून कडेवर घेतलं.

"ते कशाला?"

"दर खेपेला असतंय," नवरा म्हणाला. "आय मेली त्याची. खाली ठिवलं तर गावातली कुत्री धरत्यात. म्या त्याचं दोन किलो वजा करून सांगतो की."

"कधीपासून दोन किलो?"

त्यानं कोकराकडं पाहिलं. हयात मेंढरांत गेलेला माणूस, कोकरू कसं वाढतं हे त्याला मी सांगायचं? पण काळजीनं त्याला तेवढंही सुचलं नव्हतं. आणि मी? मी तर आकड्यांपलीकडे काही विचारलंच नव्हतं. कोकरू खाली ठेवून तिला काट्यावर उभं केलं. पहिल्या दिवसापेक्षा तीन किलो कमी. आठ आठवडे मी एका कोकराला शाब्बास म्हणत होते.

मग तिनं कमरेच्या पिशवीतून एक फडकं काढलं. त्यात गोळ्या होत्या, दिलेल्यांतल्या जवळजवळ निम्म्या. बिऱ्हाड हलवायच्या दिवशी गोळी खाल्ली, की तिला उलट्या व्हायच्या, डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि मेंढरांमागं चालवत नसे. म्हणून त्या दिवशीची गोळी ती फडक्यात टाकायची. बिऱ्हाड तर दर दोन-तीन दिवसांनी हलायचं. औषध सोसतं का, हा साधा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. वाईच्या डॉक्टरांनी तो प्रत्येक पत्रात लिहिला होता आणि मी त्या ओळीला हसले होते. रेशन दुकानाच्या पायरीवर बसून मला रडू आलं. नवरा बिचारा माझ्यासाठी पाणी घेऊन आला.

त्याच गाडीतून तिला सांगलीला आणलं. पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. गोळ्या मधेमधे सोडल्या, की रोग त्यांना दाद देईनासा होण्याची भीती असते. अहवाल येईपर्यंत मला धड झोप नव्हती. नशीब, तसं काही निघालं नाही. गोळ्या जेवणानंतर दिल्या, मळमळीवरचं औषध जोडलं आणि कुपवाडला भावजयीनं तिला डोळ्यांसमोर ठेवलं. उन्हाळाभर ती तिथंच होती. नवरा चुलतभावाच्या हवाली मेंढरं करून दर पंधरवड्याला यायचा आणि दवाखान्याच्या बाकावर टोपी काढून बसायचा.

ती बरी झाली. शेवटच्या तपासणीला आली तेव्हा गालांवर मांस होतं आणि नवऱ्याला चार माणसांत दटावण्याइतका आवाज होता. कागदांवर सही करताना मी विचारलं,

"एक सांग. ते कोकरू शेवटी शेवटी चालत होतं. आपण दुकानापर्यंत गेलो तर ते मागून चालत आलं. मग काट्यावर कडेवर कशाला घ्यायचीस? कुपवाडला यायला लागू नये म्हणून?"

तिनं दाराकडं पाहिलं. नवरा बाहेर होता.

"तसं न्हाई, मॅडम. आवं, तुमचं शाब्बास आलं, की आमचं मालक दोन-दोनदा ऐकायचं. आन् त्या दिशी भाकरी खायाचं. एरवी काळजीनं खातच नव्हतं. कोकरू जड झालंय, मला कळत हुतं की."

मी सही पुरी केली. डॉक्टर म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं.

"पुढं कधी असं झालं, तर आधी मला खरं सांगायचं. वाईट असलं तरी. मी रागावणार नाही."

"ते खरं," ती म्हणाली. "पर तसं सांगितलं असतं, तर तुमी तरी त्या दिशी जेवला असता व्हय?"