सुचिताचं नाक आणि तीन बाटल्या

कामरगावच्या चंपतरावांची सुचिता लहानपणापासून नाकाने हुशार. चंपतराव मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी पिकवून कारंज्याच्या बाजारात नेत. सांबाराच्या दहा जुड्यांतली कोणती आतून तापली आहे, हे पोरगी जुडी न सोडता सांगायची. पुढे ती कारंज्याला बीएस्सी झाली, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन, आणि नाशिकजवळच्या एका वायनरीत प्रयोगशाळेत लागली. घरी तिने पहिल्याच दिवशी खरं काय ते सांगून टाकलं होतं. तिची माय गिरजाबाई मात्र गावात सांगताना ‘द्राक्षाची कंपनी’ एवढंच सांगे.

नोकरीला दोन वर्षं झाली आणि सुचिताला जुन्या लाल वाईनचा नाद लागला. प्यायचा नव्हे, चाखायचा. एकाच मळ्यातली, एकाच जातीची द्राक्षं. पण सहा वर्षं बाटलीत राहिलेली वाईन वेगळी बोलते आणि तेरा वर्षं राहिलेली वेगळी, हे तिला पटता पटत नव्हतं आणि सुटताही सुटत नव्हतं. तिच्या वरिष्ठ राखी मॅडम म्हणाल्या, “वाईन चाखण्याची परीक्षाच दे ना मग. लेखी पेपर असतो, आणि डोळ्यांआड भरलेले ग्लास ओळखायचे असतात.”

परीक्षा दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी होती. सुचिता दिवाळीला घरी आली ती बॅगेत कपड्यांच्या घड्यांत तीन बाटल्या घेऊन. एक सहा वर्षांची, एक नऊ, एक तेरा.

गिरजाबाईंनी बाटल्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. “काहून आनलं वं हे घरात? सनासुदीचं?”

“अभ्यास आहे, माय. कोनीतरी मले न दाखवता ग्लासात ओतून द्याले पायजे. मंग मी सांगीन कोनती किती वर्षांची.”

“मी हात लावत नाई.”

चंपतराव चष्मा पुसत म्हणाले, “मी ओततो. तोंडाले लावनार नाई, पन ओताले का जाते?”

ठरलं. सकाळी दहाची वेळ, कारण तोंड तेव्हा स्वच्छ असतं. अडचण एकच होती, फोडणी. मिरचीचा ठसका घरभर गेला की सुचिताचं नाक कामातून जायचं. गिरजाबाई पुटपुटत राहिल्या, पण तीन दिवस त्यांनी अकराच्या आत चुलीवर कढई ठेवली नाही.

पहिल्या दिवशी सुचिता सपशेल आपटली. सहा वर्षांची तिने बरोबर ओळखली, तिचा रंग जांभळट आणि तुरटपणा जिभेला धरणारा. पण नऊ आणि तेरात गल्लत केली. ती घोट तोंडात घोळवून बादलीत टाके आणि वहीत लिही. वहीतले शब्द पुस्तकातले होते: ब्लॅकबेरी, सिडारचं लाकूड, लेदर.

“हे ब्लॅकबेरी काय असते?” चंपतरावांनी विचारलं.

“फळ आहे. मी पाह्यलं नाई.”

“मंग त्याचा वास तुले कसा येऊन राह्यला?”

सुचिताने ग्लासांच्या जागा बदलल्या आणि म्हणाली, “आता तुमी सांगा, डोळे मिटून.” चंपतरावांनी एक ग्लास उचलून नाकाशी धरला. बराच वेळ. “हे तं जांभूळ आहे. झाडाखाली पडून सुकलेलं.” दुसरा धरला. “अन् यात बैलाच्या घुंगराचा पट्टा आहे. नवा नाई, घामानं मुरलेला.” तिसऱ्यापाशी ते थांबले. “कवठ. गूळ कालवून ठेवलेलं कवठ. हे सगळ्यात जुनं असंन.”

ते बरोबर होतं. सुचिताने बापाकडे पाहिलं आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे पुस्तकाचा शब्द, उजवीकडे घरचा. त्या दिवसापासून तिचं डोकं मोकळं झालं. लेदर म्हटलं की पट्टा, सिडार म्हटलं की धान्यात घातलेला कडुनिंबाचा वाळका पाला. नेमका तोच वास नसेल, पण आता तिला आठवायला काहीतरी जागेवर होतं.

तिसऱ्या दिवशी चंपतरावांनी ग्लासांभोवती कागद गुंडाळले, रंग दिसू नये म्हणून. सुचिताने तिन्ही हुंगले, तिन्ही चाखले, पुन्हा पहिल्यापाशी आली.

“बाबा, सहाची यात नाईच.”

“मंग?”

“पह्यला अन् तिसरा एकच आहे. दोनी तेराचे. मधला नऊचा.”

चंपतराव मांडीवर थाप मारून हसले. “बाजारात व्यापारी मले असाच फसवून पाहे. माही लेक नाई फसत!”

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या ललिताबाई विरजण मागायला दारात उभ्या. समोर तीन ग्लास, तीन बाटल्या आणि हसणारे चंपतराव.

“काय चालू आहे वं गिरजा? सकाळीच?”

गिरजाबाई पदर खोचत पुढे आल्या. “परीक्षा आहे पोरीची. डाक्टर नाई का नाडी पाह्यत, तसं हे वास पाहनं आहे. तुह्यानं होते का? बस, हुंगून पाह्य.”

ललिताबाईंनी खरोखरच हुंगलं, नाक मुरडलं आणि विरजण घेऊन गेल्या.

त्यांची पाठ वळताच गिरजाबाईंनी मधल्या ग्लासात बोट बुडवून जिभेला लावलं. “आता गावभर होनारच, तं चाखूनच पाह्यतो.” आणि तोंड वाकडं करत म्हणाल्या, “याच्यासाठी लोक नऊ नऊ वर्षं थांबतेत?”

परीक्षेचा निकाल महिन्याने लागला. चाखण्यात सुचिता उत्तम गुणांनी पास, लेखी पेपरात चार गुणांनी नापास. वाईनसाठी नावाजलेली फ्रान्समधली गावं तिची पाठ नव्हती. तिने रडवेल्या आवाजात फोन केला.

“त्याहीची गावं आपल्याले कायले माहीत रायतीन?” चंपतराव चिडले. “आपल्या मानोऱ्याकडचे बंजाऱ्यांचे तांडे इचारले असते तं सगळे सांगितले असते तुनं.”

गिरजाबाईंनी फोन हातातून घेतला. “पुन्हा बसता येते ना? मंग बस. उगी रडू नको.”

ती बसली. तीन महिने गावांची नावं भिंतीवर चिकटवून पाठ केली आणि उन्हाळ्यात पास झाली. आता दर गुरुवारी वायनरीत जुन्या बाटल्या चाखायला उघडतात, तेव्हा मेजाशी तिची खुर्ची असते.

मागच्या महिन्यात चंपतराव पहिल्यांदा नाशिकला गेले. सुचिताने त्यांना तळघरातली लाकडी पिंपं दाखवली. दाराशी त्यांनी चपला काढल्या. “बाबा, राहू द्या,” ती म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. एका पिंपावर तळवा ठेवून ते थोडा वेळ उभे राहिले. मग बाहेर द्राक्षाच्या मळ्यात राखी मॅडम भेटल्या, आणि छाटणी कधी करता, ठिबकच्या नळ्या उंदरं कुरतडत नाहीत का, असं विचारत चंपतराव तासभर त्यांच्याशी बोलत बसले. सुचिता जेवणाचा डबा उघडून बाबांची वाट पाहत होती.